दोन वर्षे आधीचा शब्द

गडहिंग्लजला बी-बियाण्यांचे दुकान चालवणारे मल्लेशराव हत्तरगी राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात आले, तेव्हा मुलगी सोबत होती. शिवांजली कोल्हापुरातच बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही पंपांचे सुटे भाग विकतो. हिशेब विभाग माझ्याकडे. मल्लेशरावांचे म्हणणे सरळ होते. पोरगी पदवीधर झाली की तिला इथे घ्यावे, म्हणून आजच शब्द टाकून ठेवायचा. लग्नाचा हॉल आधी धरून ठेवतात, तसे.

कोणता विषय आवडतो, असे मी तिला विचारले. उत्तर वडिलांनी दिले. कॉम्प्युटर येतो का, हेही त्यांनीच सांगितले.

शेवटी मी म्हणालो, “मल्लेशराव, येत्या मार्चला मी निवृत्त होतोय. नंतर माझ्या शब्दाला कोण विचारणार?”

तेव्हा शिवांजली पहिल्यांदा बोलली. “मग मला आत्ताच येऊ दे की. शनिवारी कॉलेज नसतंय. पगार नको, काम शिकते.”

“फुकट राबायला पाठवली म्हणून गाव हसंल.”

“डिग्री घेऊन घरात बसले तर जास्त हसंल, अप्पा.”

शनिवारी ती येऊ लागली. पुरवठादारांची बिले जीएसटीच्या पोर्टलशी ताडून बघायची. फरक सापडे, पण फोन करायची वेळ आली की रिसीव्हर माझ्याकडे सरकवी. मी तो घेणे बंद केले. कबनूरचा एक व्यापारी तिच्यावर खेकसला, मालकाला फोन दे म्हणाला. तिने फोन ठेवला नाही. “मालक न्हाईत. तुम्ही बिल पाठवा, मी थांबते.” बिल आले.

दिवाळीच्या सुट्टीत ती उद्यमनगरात कारखान्यांची दारे फिरली. सुट्टीपुरते हिशेबाचे काम शिकवाल का, एवढेच विचारायची. काहींनी दारातूनच परत पाठवले. लोखंड ओतणाऱ्या एका फौंड्रीत बसवून घेतले.

मल्लेशरावांचा मला फोन आला. “साहेब, तिथं तुमच्या वळखीचं कोण हाय?”

“कुणी नाही.”

“मग घेतलं कसं?”

“तिनं विचारलं म्हणून.”

त्यांनी फौंड्रीचा पत्ता मागितला. मालकांना भेटून चार शब्द बोलावे म्हणत होते. तिलाच विचारा, असे मी सांगितले. तिनेही पत्ता दिला नाही. काम संपले की मीच दाखवायला नेते, म्हणाली.