तोंड बघून मासा घ्यावा

आमच्या वन्संना माणसं आवडत नसत. ही चहाडी नाही. त्या स्वतःच सांगत, तेही पाहुण्यांच्या तोंडावर, चहाचा कप पुढे करताना. मी लग्न होऊन लोणावळ्याला आले त्या दिवशी माप ओलांडते न ओलांडते तोच या थोरल्या नणंदेनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आपल्या भावाला विचारलं, "दिसते बरी. बोलते किती?" त्या दिवशी मी जी गप्प झाले, ती पुढचे कितीतरी महिने.

त्यांच्या स्वतःच्या लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला होता आणि सासरच्यांनी त्यांना माहेरी पाठवून दिलं होतं. कुणी त्याबद्दल हळहळलं तर वन्सं म्हणत, "त्या घरानं केलेलं शहाणपणाचं काम ते एकच." मग त्या पुण्याला शिकल्या आणि लोणावळ्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागल्या. गाव त्यांना बाई म्हणे, आणि त्या समोरून येताना दिसल्या की रस्त्याची दुसरी कड धरी.

त्यांचा जीव होता तो पडवीतल्या काचेच्या पेटीत. रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाच्या मडमेला त्या मराठी शिकवत. ती विलायतेला परतताना लोखंडी चौकटीची ती पेटी त्यांना देऊन गेली. ब्राह्मणाच्या घरात मासे, म्हणून सासूबाई सोवळ्यात असल्या की मागच्या दारानं ये-जा करीत. "बाईंकडे मासे आणतात म्हणे," अशी कुजबुज आळीतल्या एकीनं सुरू केली, तेव्हा वन्संनी तिला बोलावून सांगितलं, "खातही असेन. घरात येऊन हुंगून जा."

पण त्यांचं पाहून गावात दोन-तीन घरांत काचेच्या हंड्या आल्याच. डॉक्टरीणबाईंनी आपली हंडी दाखवायला आम्हाला मुद्दाम बोलावलं. "बघा ना, किती छान खेळतायत," त्या कौतुकानं म्हणाल्या. वन्संनी वाकून पाहिलं. "खेळत नाहीयेत. तो मोठा लहान्याला हाणतोय आणि लहाना जीव वाचवतोय. तुमच्याकडे याला खेळ म्हणतात का?" डॉक्टरीणबाईंनी पुढे केलेली करंजी तशीच हातात राहिली.

मासे निवडायचा त्यांचा नियम साधा होता. "रंग बघून लुगडं घ्यावं, तोंड बघून मासा घ्यावा. याच्या तोंडात जो मावेल, त्याला हा आज ना उद्या गिळणार. मग तुम्ही त्यांना भाऊ म्हणा नाहीतर बहीण." चपळ माशांत संथ मासा सोडायचा नाही. थव्यानं राहणारा एकटा ठेवायचा नाही. वाहत्या ओढ्यातला मासा आणि साचल्या पाण्यातला मासा एका पेटीत घालायचे नाहीत. आणि नवा पाहुणा आधी काही दिवस वेगळ्या बरणीत. हे सगळं त्या चुकत चुकत शिकल्या होत्या. "पहिल्या वर्षी मी गाढव होते," त्या म्हणत. गावात निदान एका माणसाला त्यांनी गाढवपणातून बाहेर काढलं होतं, ते म्हणजे स्वतःला.

एकदा ह्यांनी हौसेनं मुंबईहून लांब झालरीचा एक पांढरा मासा आणला. वन्सं म्हणाल्या, "बरणीतच राहू दे. माझे मासे त्याची झालर कुरतडतील." ह्यांनी ऐकलं नाही. त्या शाळेत गेल्यावर मासा पेटीत सोडला. संध्याकाळपर्यंत त्याच्या झालरीच्या चिंध्या झाल्या होत्या. वन्संनी तो अलगद काढून पुन्हा बरणीत ठेवला आणि भावाला एवढंच म्हणाल्या, "तू नोकरी करतोस ते ठीक आहे. त्यात मासे नाहीत."

तुंगार्लीच्या बाजूला मुंबईच्या एका कापडवाल्या शेठचा बंगला होता. त्याची दहा-अकरा वर्षांची मुलगी, जया, छातीच्या दुखण्यानं हवापालटासाठी तिथे आणलेली. दिवसभर ती अंथरुणात. तिचं मन रमावं म्हणून शेठनं तिच्या पलंगासमोर काचेची भली मोठी पेटी मांडली. पण रोज सकाळी त्यातला एखादा मासा मेलेला असे, नाहीतर नाहीसाच झालेला. मुलगी मोजायची. एके दिवशी तिनं आईला विचारलं, "सगळे संपले की मग मी का?" त्या दिवशी शेठ स्वतः आमच्या पडवीत आला.

आम्ही दोघी गेलो. पेटी बघून वन्संचं नाक असं चढलं की मला शेठची दया आली. सोनेरी, काळे, तांबडे, झालरीवाले, सगळे एकत्र, आणि मधोमध चिनीमातीचा राजवाडा.

"सगळे जातिवंत आहेत, बाई," शेठ म्हणाला. "ज्या दुकानात जो सुंदर दिसला तो आणला."

"बेबनाव विकत आणलात तुम्ही," वन्सं म्हणाल्या. त्यांनी बाही वर केली, पाण्यात हात घातला आणि राजवाडा बाजूला सरकवला. मागे मिशांची एक गलेलठ्ठ शिंगटी पोट टेकून पडली होती. "हा तुमचा चोर. दिवसा झोपतो, रात्री जेवतो."

"हा तर कधी दिसलाच नाही."

"दिसला असता तर उपाशी मेला असता."

त्यांनी जवळजवळ सगळे मासे काढून वेगवेगळ्या भांड्यांत घालायला लावले. दुसऱ्या दिवशी वन्संना मासे धरून देणारा इंद्रायणीकाठचा म्हादूभाऊ बोटाएवढे करडे मासे घेऊन आला. प्रत्येकाच्या शेपटाजवळ काळा ठिपका. नेहमीप्रमाणे तो कुरकुरत होता. "बाई, असलं मासं आमची पोरं चड्डीत धरत्यात. लय बारीक हायेत. खायाचं न्हाईत, मग कशाला पायजेत?"

"बघायला."

"बघून प्वाट भरतं व्हय?"

"तुझं नाही भरणार. जा."

जयानं ते मासे पाहिले आणि तोंड पाडलं. "हे तर सगळे सारखेच. आणि मळकट."

"मळकट आहेत," वन्सं म्हणाल्या. "पण एकमेकांना खात नाहीत. तुझ्या वडिलांच्या ओळखीत असं कोण आहे, सांग."

ती हसली. हसता हसता खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत वन्सं खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्यानंतर रोज पहाटे, शाळेच्या आधी, वन्सं झाकणाचा पितळी डबा घेऊन बाहेर पडू लागल्या. कुठे जाता, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. मग एकदा त्यांचा पाय मुरगळला आणि डबा धरायला मला सोबत न्यावं लागलं. आम्ही थेट तुंगार्लीला गेलो. बंगल्याच्या स्वयंपाकीणबाईंनी मागचं दार उघडलं. जया झोपली होती. पेटीत एक मासा उलटा तरंगत होता. वन्संनी मलमलीच्या जाळीनं तो उचलला आणि डब्यातला एक जिवंत मासा हलकेच पाण्यात सोडला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "एकमेकांना खात नाहीत म्हणालात ना?"

"खात नाहीत. पण पेटी नवी आहे, पाणी मुरलेलं नाही. सुरुवातीला काही मरायचेच. ते तिला कोण समजावणार, तिचा बाप?"

"म्हणजे हे एकसारखे मासे तुम्ही मुद्दामच..."

"मग काय, रूपावर भाळून घेतले?" त्या लंगडत पुढे झाल्या. "मी गणिताची बाई आहे. तिनं मोजले की भरले पाहिजेत. आणि तू तोंड मिटून चाल."

पाणी मुरलं आणि मासे मरायचे थांबले. जया हळूहळू उठून बसू लागली, मग व्हरांड्यात येऊ लागली. मासे पाहून कुणी बरं होतं, असं म्हणणाऱ्याला वन्संनी झोडपून काढलं असतं. हवा होती, औषध होतं, आईची शुश्रूषा होती. पावसाआधी शेठनं सगळ्यांना मुंबईला न्यायचं ठरवलं तेव्हा आम्ही निरोपाला गेलो. मोटारीत बसताना जयानं वन्संचा पदर धरून त्यांना खाली वाकवलं.

"बाई, एकाचं शेपूट तुटकं होतं. दुसऱ्या दिवशी ते अख्खं झालं," ती हळूच म्हणाली. "मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

वन्संनी पदर सोडवून घेतला आणि मोटारीचं दार लावलं. मोटार गेली. आम्ही घराकडे निघालो. अर्ध्या वाटेत त्या म्हणाल्या, "बापावर गेली नाही, हे नशीब." त्यांच्या तोंडून कुणाची एवढी स्तुती मी पुन्हा ऐकली नाही.

लढाईच्या दिवसांत, एका पावसाळ्यात, वन्संना ताप भरला आणि तो उतरला नाही. समाचाराला येणाऱ्यांना त्या म्हणत, "एकेकटे या. घोळक्यात तुमचा मूर्खपणा वाढतो." शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, काहीतरी मायेचं बोलतील. त्या म्हणाल्या, "मासे म्हादूच्या हाती नदीत सोड. डॉक्टरणीला देऊ नकोस."

वन्संचे दिवस झाल्यावर आळीतल्या बायका भेटायला आल्या. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "वरून तेवढ्या कडक. मनानं किती प्रेमळ होत्या हो." दुसऱ्या म्हणाल्या, "सगळ्यांना धरून असायच्या." तिसरीनं त्यांच्या गोड स्वभावाची आठवण काढायला सुरुवात केली. मी बराच वेळ ऐकून घेतलं.

"नव्हत्या प्रेमळ," मी म्हटलं. "त्यांना तुम्ही कुणीच आवडत नव्हता. मीही फारशी नाही."

डॉक्टरीणबाईंचा पदर डोळ्यांवरून खाली आला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. लेक गेल्यापासून त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. त्यांनी मान वर केली.

"मीसुद्धा नाही," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. खांदे गदगदेपर्यंत हसल्या. त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते कुणाला कळलं नाही. मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले, आणि बायकांना चहाही विचारला नाही.