चार चाकांची खांदमळणी

आमच्या साखरा गावात ज्याच्या दावणीला बैल नाही, त्याला पोळ्याला तोरणाखाली जागा नाही. असं कुणी तोंडावर म्हणत नाही. पण बिनबैलाचा माणूस त्या दिवशी पारावर बसून बिडी ओढतो आणि दुसऱ्यांच्या जोड्यांना चांगलं म्हणतो. त्या वर्षी आमचे आबा, म्हणजे माझे वडील, पारावर बसणार होते, आणि घरात त्यावर अवाक्षर काढायची कुणाची छाती नव्हती.

बैल विकायचं आबा आणि दोन्ही काकांनी मिळूनच ठरवलं होतं. आबांचे गुडघे गेलेले, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होऊन राहिलेली. शेजारच्या तांड्यावरच्या एका शेतकऱ्यानं जोडी नेली. भला माणूस होता. त्यातला डावा बैल आबांनी गोऱ्हा असल्यापासून वाढवलेला. कासरा दुसऱ्याच्या हातात देऊन आबा घरी आले, जेवले आणि झोपले. आम्हाला वाटलं, सुटलो. कशाचं काय! पोळा जवळ आला तसे आबा रोज रिकामा गोठा झाडायला लागले. शेण नाही, चारा नाही, काय झाडता म्हणून आईनं विचारलं, तर म्हणाले, "मलाच समजून न्हाई राहिलं."

हे काकांच्या कानावर गेलं. मधल्या काकाचं हिंगोलीत वेल्डिंगचं दुकान, धाकटा औरंगाबादला कंपनीत. धाकट्यानं टीव्हीवर वाळूच्या टेकाडावर उड्या मारणारी चार जाड चाकांची गाडी पाहिली होती. तिच्यावर माणूस घोड्यासारखा टांग टाकून बसतो म्हणे. झालं! आबांना तसलीच गाडी करून द्यायची, म्हणजे गुडघे न दुखवता शेतात जातील आणि बैल विसरतील. आई चुलीपुढूनच म्हणाली, "बैल गेला नि झोपा केला." पण बायकांचं ऐकतं कोण?

पोळ्याच्या आधी दोघं बायका-लेकरांसह येऊन थडकले. मागून टेम्पोत एका मेलेल्या मोटारसायकलचं इंजिन, मोडक्या मालरिक्षाच्या मागच्या चाकांचा दांडा आणि चाकांचा ढीग. मी तेव्हा हिंगोलीला कॉलेजात होते, सुट्टीला आलेले. अंगणात दिवसभर ठोकाठोक. मधला जोडायचा, धाकटा म्हणायचा असं नाही तसं, की मधला पुन्हा तोडायचा. गाडी एकदाची सुरू झाली, तर सगळ्यांना एकेक चक्कर पाहिजे. काळ्या रानात चिखल असा, की जाताना माणूस गाडीवर आणि येताना गाडी माणसांच्या खांद्यावर. मग मागची चाकं बदलली. मग काकू म्हणाल्या, मागे गवताचा भारा ठेवायला जागा करा. मग लेकरांनी भोंगा बसवला. एक ना धड भाराभर चिंध्या! ही नेमकी कुणासाठी चाललीय, हेच मला समजेना. आबा तर ओट्यावर बसून नुसते पाहत होते. त्यांना आवडली की राग आला, चेहऱ्यावर काही म्हणता काही दिसत नव्हतं.

ब्रेक तेवढा साधा होता. मागच्या दांड्याला एक लोखंडी डबा आणि त्याच्यावर आवळणारा रबरी पट्टा. पायानं दाबलं की पट्टा डबा धरायचा.

आदल्या संध्याकाळी गावात घरोघर बैलांची खांदमळणी सुरू झाली. वर्षभर जूं ओढलेला खांदा तूप-हळदीनं मळायचा आणि बैलाला दुसऱ्या दिवशीचं आवतण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. आणि आबा उठले. आईकडून तुपाची वाटी मागून घेतली, पळसाचं पान घेतलं आणि गाडीपुढं येऊन उभे राहिले.

"खांदा कुठं हाय याचा?"

दोघा काकांनी एकमेकांकडं पाहिलं. धाकटा म्हणाला, "हँडल आसंल." मधला म्हणाला, "हॅट्! सारं ओझं तर मागच्या दांड्यावर हाय."

"ओझं पेलतो तोच खांदा," असं म्हणून आबा खाली बसले. दुखऱ्या गुडघ्यांनी बसले. दांडा मळला, आणि तो गोल डबा तर बैलाचं वशिंड असल्यासारखा मायेनं मळला, पट्ट्याच्या आत बोट घालून घालून. मग हात जोडून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मला हसू येत होतं आणि रडूही. आणि ते दोघे यंत्रपंडित? तूप नेमकं ब्रेकवर चाललंय, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये! भरल्या डोळ्यांनी बघत उभे होते, गाढवं कुठली.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या हँडलला बाशिंग, मागे झूल, वर फेटा बांधलेले आबा. मारुतीपुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं आणि गावातल्या, तांड्यावरच्या सगळ्या जोड्या रांगेत. गाडी आली तसं वाजवणारेही थांबले. हिला रांगेत घ्यायचं की बाहेर काढायचं? कुणी म्हणे, हे वाहन, ह्याला दसरा. कुणी म्हणे, खांदमळणी झाली ना, मग झाला बैल! शेवटी एक म्हातारे वैतागले, "अरे, माणूस तर आपलाच हाय का न्हाई? राहू द्या मागं."

आबा रांगेच्या शेवटी निघाले. तिथून तोरणापर्यंत सगळा उतार. ब्रेक दाबला, पट्टा डब्यावरून सुळकन घसरला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. गाडी एकेक जोडी मागं टाकत निघाली. तोरण तोडून पोळा फोडायचा मान जिचा, ती मानाची जोडीसुद्धा मागं पडली. बाशिंगात तोरण अडकलं आणि तटकन तुटलं. पोळा फुटला! माझ्या बापानं फोडला, आणि तोही बैलाविना. आबांना ब्रेक-बिक काही आठवलं नाही. ते नांगरावर ओरडायचे तसं ओरडत होते, "होऽऽ होऽऽ! थांब रे राजा, थांब!"

गाडी कसली थांबते! ती थेट आमच्या उकिरड्यात जाऊन रुतली.

आम्ही सगळे धावलो. आबांना लागलं नव्हतं, नुसते फेट्यावरचं शेण पुसत बसले होते. तेवढ्यात मागं गलका झाला. वळून पाहते तो आमचा डावा बैल येत होता, तांड्यावरच्या त्या नव्या मालकाला कासऱ्यासकट फरफटत. आला तो गाडीच्या डाव्या अंगाला उभा राहिला आणि जूं चढवताना वाकवायचा तशी मान वाकवली. आबांनी हाक मारली होती ना.

आबांनी त्याच्या मानेत तोंड घातलं आणि लेकरासारखे रडले. आजवर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. कुठं पाहावं तेच मला समजेना.

आई पाण्याचा तांब्या आणि पुरणपोळीचं ताट घेऊन आली होती, खरं तर गाडीसाठी. ती एकदा हँडलाकडं, एकदा बैलाकडं बघत राहिली. "आवतण दिलं कोणाला, अन् जेवायला आलं कोण!" असं म्हणून तिनं पाणी बैलाच्या पायांवर ओतलं.

नवा मालक धापा टाकत म्हणाला, "दादा, त्याचं बराबर हाय. तोरणाखालून आज तुमीच न्या त्याला." लोकांनी तुटलेलं तोरण गाठ मारून पुन्हा बांधलं, आणि आबा त्याला घेऊन खालून गेले.

संध्याकाळ झाली तरी बैल तांड्याकडं पाऊल टाकेना. शेवटी आबाच पुढं झाले. दुखऱ्या गुडघ्यांनी चालत त्याला तांड्यावर घेऊन गेले, दुसऱ्याच्या खुंट्याला स्वतःच्या हातानं बांधला आणि चालतच परत आले. काका अंगणात माना खाली घालून बसले होते. गाडीही तिथंच, धुऊन ठेवलेली.

आबांनी तिच्या सीटवर हात फिरवला. "गाडी चांगली केली रे पोरांनो," ते म्हणाले. "पण तिला हाक कळत न्हाई."