हवालदाराचे सत्तर, मामांचे त्रेपन्न

या जगात कधीही न चुकणाऱ्या गोष्टी दोनच, असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत होतं: एक सूर्य आणि दुसरी त्यांची नजर. त्यातही ढगाळ दिवसांत सूर्याबद्दल ते जरा साशंक असत. वडीगोद्रीच्या बाजारात बोकड किती किलो भरेल, गंजीत कडब्याच्या पेंढ्या किती निघतील, यावर वाद पेटला की लोक काटा आणण्याआधी त्यांना, म्हणजे आमच्या मामांना, आणत. मामा मान तिरकी करत, डावा डोळा मिटत आणि आकडा सांगत. तो पडला की घेणारा आणि विकणारा दोघंही गप्प बसत. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी पगार, शेती, काही म्हणता काही विचारलं नाही. मला दारातच उभं केलं, डोळा मिटला आणि आत तोंड करून म्हणाले, "पाच फूट सहा इंच, अठ्ठावन्न किलो. पोरगं हलकं हाय, पन चालंन." मी जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्यात पिशव्या तोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी कोणी नाही असं बघून स्वतःच काट्यावर चढलो. अठ्ठावन्न!

लग्नानंतर त्यांनी मला "कसे आहात" असं कधी विचारलं नाही. उंबऱ्यातच वजन सांगत. एका वर्षी कारखाना दोन महिने बंद पडला होता आणि मी ते बायकोलाही धड सांगितलं नव्हतं. मामा मला पाहताच म्हणाले, "जावईबापू, तीन किलो गेले. काय झालं?" आणि मला एकदम भरून आलं. घरात मात्र या नजरेचा सगळ्यांना जाच होता. "आजची भाकर कालच्यापरीस बारीक हाय," असं ते ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, तेव्हा मामींनी शांतपणे उत्तर दिलं, "मंग उद्यापासून नजरेनंच जेवा."

मामांच्या स्कूटरचा वेगाचा काटा कित्येक वर्षं विसावर झोपलेला होता. दुरुस्त करून घ्या म्हटलं, तर म्हणत, "नजर असल्यावर काटा कशाला?" एकदा अंबडला जाताना मी मागे बसलो होतो. रस्त्याकडेच्या बाभळीखालून एक हवालदार पुढे आले आणि त्यांनी हात केला.

"सत्तरच्या वेगानं चालले व्हते."

"कशावरून?" मामांनी विचारलं.

"कशावरून म्हंजे? डोळ्यानं बघितलं."

मामांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, दंडाची धास्ती घेतली. तसं काही नव्हतं. "सत्तर?" ते म्हणाले. "पुन्हा एकदा आठवून बघा, साहेब. बराबर सांगा."

"वीस वर्सं नोकरी झाली माझी."

"मंग वीस वर्सं चुकीचं बघून राह्यले तुम्ही."

यानंतर पावती फाटली नसती तरच नवल. दंड भरून मोकळे होऊ, असं मी परोपरीनं विनवलं. "दंडाचं काय घेऊन बसले, जावईबापू? आकडा चुकीचा हाय. चुकीच्या आकड्याखाली मी बिलकुल सही करणार न्हाई." आणि प्रकरण अंबडच्या कोर्टात गेलं.

वकील मामांच्या मित्राचाच मुलगा होता. त्यानं समजावलं की एकट्या माणसाच्या नुसत्या अंदाजावर शिक्षा होत नाही, यंत्रानं मोजलेलं लागतं. तुम्ही सुटलातच, फक्त गप्प बसा. मामा गप्प बसलेही. पण वकील रंगात आला. "साहेब, डोळ्यानं बघून सांगितलेल्या आकड्याला काडीची किंमत नाही," असं त्यानं ठणकावलं आणि मला मामांची मान तिरकी होताना दिसली. मागच्या बाकावर बाजारातली पाच-सहा ओळखीची माणसं बसली होती. नजरेला किंमत नाही असं कोर्टातच ठरलं, तर उद्या मामांना बोकडापाशी कोण बोलावणार? ते उठून उभे राहिले.

"साहेब, वकील माझेच हाईत, पन चुकीचं बोलून राह्यले. नजरेला किंमत हाय. ह्या हवालदारांची नजर कच्ची हाय, येवढंच."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग तुमच्या नजरेनं वेग किती होता?"

वकिलानं मामांचा सदरा ओढला. मी देवाचं नाव घेतलं. मामांनी डावा डोळा मिटला, भर कोर्टात त्यांना बाभळी मागे पळताना दिसत असाव्यात, आणि ते म्हणाले, "त्रेपन्न."

"तिथं मर्यादा पन्नासची आहे."

"असंन, साहेब. पन त्रेपन्न म्हंजे त्रेपन्न."

दंड झाला. वकिलानं कपाळाला हात लावला आणि मामा निवडणूक जिंकल्यासारखे बाहेर आले. व्हरांड्यात हवालदार भेटले, तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नजर कमवावी लागती. बाजारच्या दिवशी या, शिकवतो." आणि ते गृहस्थ खरंच आले! साध्या कपड्यांत मामांशेजारी बसून बोकडांची वजनं सांगू लागले. बदली होईपर्यंत त्यांची चूक दोन किलोंवर आली होती, आणि मामा ते अभिमानानं सगळ्यांना सांगत.

पुढे बाजारात लाल आकड्यांचे काटे आले आणि मामांना बोलावणं कमी झालं. मग काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. त्यानंतर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा "जावई आले" असं मामींनी सांगितलं, तरी बाजेवरून आकडा आला नाही. मी जवळ जाऊन बसलो. त्यांनी माझा खांदा चाचपला, मनगट धरलं, आणि दोन्ही डोळ्यांत सारखाच अंधार असूनही सवयीनं डावा डोळा मिटला.

"सत्तर," ते म्हणाले. "बराबर?"

त्याच सकाळी मी काट्यावर चढलो होतो. बासष्ट.

"बराबर, मामा."

"काट्यावर चढल्ते का?"

"सकाळीच."

ते समाधानानं मागे टेकले आणि आत तोंड करून मामींना म्हणाले, "ऐकलं का? अजून चुकत न्हाई." मी आयुष्यभर काट्यापाशी बसलो, पण खोटं वजन सांगितलं ते एवढं एकच.