उशीर कोणाचा

वाटूर फाट्यावरच्या माझ्या टीव्हीच्या दुकानात चाचा गप्पांना टेकले की त्यांची बोटं काउंटरवर वाजत राहायची. लग्नाच्या बँडमध्ये ते ताशा वाजवायचे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बराबर?' विचारायचे आणि उत्तराची वाट पाहायचे नाहीत.

लकवा मारल्यावर उजवा हात मंदावला. हाताला व्यायाम म्हणून ते घरी टीव्हीवर क्रिकेटचा गेम खेळू लागले. एक दिवस तो गेमच पिशवीत घालून दुकानात आले.

"बटन दाबलं की बॅट उशिरा फिरून राह्यली. टीव्ही लेट हाय का माझा हात, ते बघायचंय. बराबर?"

मी एकेका टीव्हीला गेम जोडून दिला. आधी ते डाव्या, चांगल्या हातानं खेळले. दोन टीव्हींवर बॅट मागं राहिली. तिसऱ्यावर मी चित्र लगेच दाखवणारा गेम मोड लावला, तशी बटणाबरोबर बॅट फिरली. मग त्यांनी गेमचा रिमोट उजव्या हातात घेतला. चेंडू निघून गेल्यावर बॅट फिरली. पुन्हा तेच.

"टीव्ही बराबर हाय," ते म्हणाले. या वेळी ते विचारत नव्हते.

मला बघवेना. पहिल्या टीव्हीकडे बोट करून म्हटलं, "चाचा, हा घ्या. घरी खेळायला बस झाला."

"त्याच्यात चूक कोणाची, ते कळत न्हाई. ठेका चुकला तं वाजवणाऱ्याला कळाय पाहिजे. हा तिसराच बांधा."

मी खोका बांधेपर्यंत ते काउंटरपाशी उभे होते. डावा हात खिशात घालून, फक्त उजव्या बोटांनी वाजवत.