देसाईची भिडू

सुनेने पत्त्यांचा नवा कॅट फोडला, आणि त्या कोऱ्या वासाने मला शिकागोजवळच्या शॉमबर्गचं आमचं जुनं बेसमेंट आठवलं.

नवरा-बायको खुणा करतात, म्हणून मेंढीकोटात त्यांची जोडी नाही, असा आमच्या ग्रुपचा नियम. माझी सुमन नेहमी देसाईची भिडू. एकदा त्यांनी चारही दश्श्या ओढल्या. "भावजी, कोट!" म्हणत तिने त्याला टाळी दिली. मी पत्ते आपटले.

"अहो, रडी खेळू नका," ती हसून म्हणाली.

परवा तिच्या तेराव्याला देसाई ढसाढसा रडला. त्या लेकाचा तेव्हाही राग आला. भिडू समोर बसतो ना. तिचं जिंकलेलं तोंड त्याने वर्षानुवर्षं सरळ बघितलं. मला शेजारून नुसता कान दिसायचा.