अंग झटकलं म्हणजे होकार?

मंडळी, आज दुपारी नवागामला आमच्या घरी जे झालं, त्याची किळस अजून जात नाहीये.

आम्ही भावंडं दर रविवारी फासे टाकून एका काल्पनिक दुनियेचा खेळ खेळतो. प्रत्येकाचं एक पात्र असतं, माझं वैद्यबाईचं. गोष्ट पुढे नेतो आमचा मावसभाऊ प्रवीणदादा. आज त्याने मृत्यूचा देव आणला, जुन्या मेक्सिकोतल्या अ‍ॅझटेक लोकांच्या देवासारखा. कवटीचं तोंड, गळ्यात माणसांच्या डोळ्यांची माळ. त्याला जिवंत काळीज हवं होतं. अट एकच, बळी राजीखुशीने यायला हवा. येशील का, असं त्याने माझ्या वैद्यबाईला विचारलं.

मी स्पष्ट सांगितलं, "माझी वैद्यबाई जाणार नाही."

तेवढ्यात माझ्या सख्ख्या भावाने, योगेशने, फ्रिजमधल्या बाटलीचं पाणी माझ्या मानेवर ओतलं. मी शहारले. तो ओरडला, "अंग झटकलं! देवाला मान्य!"

गावाकडे बकऱ्यावर असंच पाणी टाकतात. त्याने अंग झटकलं की कापायला मोकळे. दादाने हसत हसत हा होकार मंजूर केला आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. शी!

मी उरलेली बाटली त्या दोघांच्या डोक्यावर रिकामी केली. दोघेही शहारले.

"अंग झटकलंत ना? आता तुम्ही जा बळी."

"गेम शे ना व ताई!" खेळच तर आहे, म्हणत योगेश चिडला.

बायांनो, तुमचं दचकणं कोणी होकारात धरलंय का कधी? डोळ्यांची माळ घातलेला तो देव निदान विचारत तरी होता.