हळदीकुंकवाचा मोर्चा

१९ जानेवारी १९५३, सोमवार. सूप मांडीवर घेऊन मी तीळ निवडत होते. संक्रांत होऊन गेली होती, पण हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतात आणि त्या वर्षी रथसप्तमी अगदी तोंडावर आली होती. आर्वीतल्या बाया एकेका संध्याकाळी दोन-तीन घरं आटपत होत्या.

आदल्या वर्षी कापसाचा भाव कोसळला. कोरियातल्या लढाईने तो चढवला होता म्हणे. उतरताना त्याने कुणाला विचारलं नाही. बाजारात गाड्या उभ्या राहिल्या, सरकी काढणाऱ्या जिन कारखान्यांची फाटकं बंद झाली, आणि रिकाम्या माणसांच्या गावात चळवळींना बरकत आली. एक मंडळी लाल झेंडा घेऊन आली. दुसरी जमीन दान मागत फिरू लागली. तिच्या सभेत सगळ्यांत मोठ्या टाळ्या बिनजमिनीवाल्यांच्या असत. तिसरे म्हणत, आपला वेगळा प्रांत झाला की सगळं सुरळीत होईल. चौथे सांगत, सूत काता. आमच्या गल्लीतल्या बाया चारही सभांना जात. सतरंजीवर लेकरं निजत, आणि चुलीवर चढवायला काही नसलं की भाषण ऐकायला वेळ मिळतोच.

माझी शेजारीण जिनमध्ये रेच्यावर होती. रेचा म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र. त्याच्या तोंडात हातांनी कापूस घालत दिवसभर उभं राहायचं. विधवा बाई, पदरी दोन मुली, आणि जीभ अशी की मुकादम तिला पाहून वाट बदलायचा. जिन पुन्हा सुरू झाली तेव्हा मालकाने सगळ्या जुन्या बायांना बोलावलं, हिला सोडून. बंदच्या काळात हिनेच बायांना घेऊन फाटकासमोर ठाण मांडलं होतं. हा हंगाम हुकला असता तर मुलींना घेऊन तिला भावाच्या दारात जावं लागलं असतं, आणि तिची भावजय काय चीज होती ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

ती चारही मंडळींकडे जाऊन आली होती. पहिल्यांनी ठराव केला. दुसरे म्हणाले, मालकाचं हृदय पालटेल. तिसरे म्हणाले, प्रांत होऊ दे. चौथ्यांनी टकळी दिली. ती धाकट्या मुलीने भोवरा म्हणून फिरवून मोडली. मोर्चा काढावा तर जमावबंदी लागलेली.

"आज मालकिणीकडं हळदीकुंकू आहे," मी तीळ पाखडत म्हटलं.

"असन. मले कोन बोलावते?"

"तुह्या संगच्या बायांले तरी कुठं बोलावते? पण ते बाई दरसाल म्हणते, माह्या दारातून कोणी वाणाबिगर गेलं नाई. पाहू आता."

"काऊन वो, काय करून राह्यली तू?"

"तीळ निवडून राह्यलो."

आमचे हे त्याच जिनच्या ऑफिसात कारकून. दुपारी जेवायला आले तेव्हा गल्लीत कुजबुज त्यांच्या कानी पडली.

"माझी खुर्ची जाईन," ते म्हणाले.

"तिचा एक पाय तसाही गेलेलाच आहे," मी म्हटलं आणि भाकरी वाढली. संध्याकाळी ते ऑफिसातून घरी न येता मारुतीच्या देवळात जाऊन बसले. एरवी शनिवारीही जात नसत.

मालकिणीच्या ब्लाउजांची शिलाई माझ्याकडे होती, म्हणून मला बोलावणं होतं. माझ्यामागून रेच्यावरच्या बाया निघाल्या, धुतलेली लुगडी नेसून; सगळ्यांत मागे शेजारीण. मालकाच्या घराच्या फाटकाशी पोलीस शिपाई उभा होता.

"मोर्चा हाय का वो बाई?"

"हळदीकुंकू आहे, भाऊ. हा घ्या तिळगूळ."

त्याने तिळगूळ तोंडात टाकला आणि बाजूला झाला. हळदीकुंकवाला जमाव म्हणायचं की नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्या ओसरीवर यातल्या कित्येकींचं पाऊल कधी पडलं नव्हतं. मालकीणबाई क्षणभर थबकल्या, पण वकिलीणबाई आणि डॉक्टरीणबाई बघत होत्या, तेव्हा त्यांनी हसून करंडा पुढे केला. पहिल्या बाईने हळदीकुंकू लावून घेतलं. वाण होतं लाकडी फणीचं. फणी पुढे आली तशी तिने पदर मागे घेतला.

"राहू द्या, मालकीणबाई. आमच्यातली एक बाहेर आंगनात उभी आहे. तिचं काम तिले भेटन तवा घेईन."

"मलेबी तवाच," दुसरी म्हणाली.

तिसरीने नुसती मान हलवली. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ही तुझी करणी दिसते."

"मी तर घेतली आहे फणी," मी म्हटलं, आणि ती तबकात परत ठेवली. वकिलीणबाईंनीही ठेवली. त्यांना प्रकरण कळलं होतं असं नाही. पण गंमत चुकवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

फाल्गुनात त्या घरी मुलीचं लग्न होतं. अशा वर्षी सवाशिणी वाण नाकारून उंबरा उतरणार, हे मालकीणबाईंना सोसणारं नव्हतं. गलका ऐकून मालक दारात आले.

"मोर्च्याला बंदी आहे," ते म्हणाले.

"मोर्चा कुठं दिसला तुम्हाला? माझ्याकडे सवाशिणी आल्या आहेत. तुमच्या एका रेच्यापायी पोरीच्या लग्नाच्या तोंडावर वाण परत चाललं आहे."

"बघू."

"बघू नका. सांगा."

मालक खाकरले. ओसरीभर बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. "येऊ दे उद्या," असं काहीतरी पुटपुटून ते आत गेले.

मग पदर पुढे झाले. फण्या पुरल्या नाहीत; आतून वाट्या आणाव्या लागल्या. आम्ही कुरकुर केली नाही. शेवटी मालकीणबाई एक फणी घेऊन पायरीशी आल्या आणि अडल्या. विधवेला वाण द्यायचं कसं?

"कुंकू नका लावू, फणी द्या," शेजारीण अंगणातून म्हणाली. "केसं तं मीबी विंचरतो."

फणी दिली गेली.

दिवेलागणीपर्यंत गावात चार विजय जाहीर झाले, प्रत्येक मंडळीचा वेगळा. जमीन मागणाऱ्यांनी तर मालकाच्या हृदयपालटाबद्दल त्यांचं जाहीर अभिनंदन केलं.

मला मात्र ते पुटपुटणं पुरेसं वाटत नव्हतं. "येऊ दे" म्हणजे कुठे, हे मालक बोलले नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, भोंगा व्हायच्या आधी, मी शेजारणीबरोबर जिनच्या फाटकाशी गेले. मुकादम विडी ओढत उभा होता.

"रेच्यावर जागा नाई," तो म्हणाला. "किडका कापूस निवडाले बस म्हणा तिले."

त्या कामावर म्हाताऱ्या बायांना बसवत, आणि ते आठ दिवसांत संपे. शेजारणीने तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला.

"मुकादमभाऊ," मी विचारलं, "तुमच्या घरचं हळदीकुंकू झालं का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे फाटकातून आत येणाऱ्या बायांकडे. विडी विझवली आणि कोपऱ्यातल्या रेच्याकडे बोट केलं.

भोंगा झाला, रेचे सुरू झाले. तिचे हात कापसात गेलेले पाहून मी घरी आले आणि यांना हलवून उठवलं, ऑफिसला उशीर होतो म्हणून.